ऐरोलीच्या खाडीत गळ टाकायला जातोय. होडीतून कोणते पक्षी दिसतील, कसे ओळखायचे?

नोव्हेंबर ते मे या काळात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतीलच. ते सांगायला माझी गरज नाही. खरी गंमत कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) ओळखण्यात. दोन्ही पांढरे-राखाडी. कुरव थोराड, खुशाल पाण्यावर बसतो. सुरय सडपातळ, चोच टोकदार, शेपटी दुभंगलेली. हवेत क्षणभर थबकून सरळ पाण्यात सूर मारतो. तो जिथे सारखा सूर मारतोय तिथे बारीक मासळी असते, गळवाल्यांनी ध्यानात ठेवा! ‘काळ्या डोक्याचा कुरव’ या जातीचं डोकं हिवाळ्यात पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त काळा ठिपका. ओहोटीला उघड्या चिखलात तुतवार (सँडपायपर) आणि बगळे. दुर्बीण ८ पटीचीच घ्या, जास्त पटीची होडीत हलते. कुरवांना गाठ्या-शेव टाकू नका, आणि तुटलेली तंगूस (गळाची नायलॉन दोरी) पाण्यात सोडू नका, पक्ष्यांच्या पायांत अडकते.