इंजिन बदलायचं आहे? आधी हे तपासा

पहिल्यांदा जुनं इंजिन कशामुळे गेलं ते शोधा. तापून हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालं असेल आणि तुंबलेला रेडिएटर तसाच ठेवलात, तर दुसरं इंजिनही त्याच वाटेने जाईल. बेअरिंग गेलं असेल तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये अडकलेला असतो. तो धुऊन पूर्ण निघेल याची खात्री नसते, कूलर बदलाच.

ब्लॉक आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) शाबूत असतील तर स्वतःचंच इंजिन रिबिल्ड करणं, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलणं, मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. माउंट, वायरिंग, सेन्सर सगळं जुळलेलंच असतं. शॉर्ट ब्लॉक (पिस्टन आणि क्रँक बसवलेला, पण हेड नसलेला ब्लॉक) घेतलात तर हेड तुमचं जुनंच बसणार, म्हणून ते वाकलेलं किंवा तडकलेलं नाही ना, हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्या. लाँग ब्लॉकमध्ये हेड आणि व्हॉल्व्ह जोडूनच येतात.

वापरलेलं इंजिन स्वस्त पडतं, पण विक्रेत्याने सांगितलेल्या किलोमीटरवर जाऊ नका. सगळे स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल (हवा आत घेणारी झडप) पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सोडून द्या. ऑइलमध्ये दुधट फेस म्हणजे बहुधा कूलंट मिसळलंय. इंजिन कोडही (इंजिनाचा नेमका प्रकार सांगणारा क्रमांक) जुळवा. बाहेरून सारखी दिसणारी इंजिनं सेन्सरवर अडतात.

बसवण्याआधी क्रँकचं मागचं ऑइल सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट नि टेन्शनर नवे घाला. ते सील नंतर गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.