परीक्षकांना मालवणी कळेल का?

प्रश्न : बाई, आमचा सात जणांचा गट आहे. मुंबईला समूहगीतांच्या स्पर्धेत उतरतोय. गाणं आमच्यातल्याच एकाने मालवणीत लिहिलंय. चाकरमानी म्हणतात, "परीक्षकांका कळूचा नाय, हिंदीत करा." बहीण सांगते, युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत पोर्तुगाल आपल्याच भाषेत गाऊन जिंकला. खरं का? आम्ही काय करावं?
– एक वाचक, आचरा, ता. मालवण

उत्तर : खरं आहे. स्पर्धेचं नाव युरोव्हिजन. 1956 साली स्वित्झर्लंडमध्ये 7 देशांनी ती सुरू केली. देशागणिक एक नवं गाणं, जास्तीत जास्त तीन मिनिटांचं. पोर्तुगाल 1964 मध्ये पहिल्यांदा उतरला आणि एकही गुण न मिळवता परतला. पुढे कित्येक वर्षं तो बहुतेक आपल्याच भाषेत गात राहिला, आणि हरत राहिला. 1999 पासून भाषेचं बंधन गेलं, तसे बरेच देश इंग्रजीकडे वळले. 2017 साली कीव्हमध्ये मात्र साल्व्हादोर सोब्राल पोर्तुगीजमध्ये गायला आणि देशाला पहिलं विजेतेपद मिळालं.

म्हणून 'भाषा राखली की जिंकता येतं' असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते गाणं नातीने मला मोबाइलवर ऐकवलं. शब्द एक कळला नाही, पण ऐकता ऐकता पेटी पुढे ओढली. तीन-तीन मात्रांची चाल, आपल्या दादऱ्याच्या जवळची. मागे तंतुवाद्यं, नाचणारे कुणी नाहीत, प्रेक्षकांच्या मधोमध छोट्या मंचावर एकटा गायक. गाणं त्याची बहीण लुईझा हिने लिहिलेलं. त्याचं हृदय आजारी होतं, म्हणून कीव्हमधल्या सुरुवातीच्या तालमींत तीच त्याच्या जागी उभी राहिली; त्याच डिसेंबरात त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं. जिंकल्यावर पुन्हा गायची वेळ आली तेव्हा दोघं मिळून गायली. ते पाहताना मला रडू आवरलं नाही.

मी रेवदंड्याची. खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीज इथून 1740 मध्ये गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून निपजलेली बोली अजून बोलतात. तिथल्या मुली माझ्या वर्गात होत्या. मराठी प्रार्थना सुरात म्हणायच्या, पण मधल्या सुट्टीत घरच्या बोलीत गायला लागल्या की आवाज असा मोकळा सुटायचा की मी ओसरीवर येऊन उभी राहायची.

आता तुमचं गाणं. 'माका', 'तुका' हे शब्द 'आ'वर संपतात. तिथे तोंड उघडं राहतं, सूर हवा तेवढा ठेवता येतो. हिंदीत तिथे 'मुझे' आलं की ओठ आवळले जातात आणि चालच बदलावी लागते. 'खंय' म्हणताना सूर नाकात चढतो, ती गंमत 'कहाँ'त उतरत नाही. तेव्हा मालवणीतच गा. गाण्याआधी एकाने दोन वाक्यांत प्रसंग मराठीत सांगावा, म्हणजे परीक्षक अडणार नाहीत. शब्द सौम्य करू नका, उच्चार शहरी करू नका. गजर शेवटी एकदाच, आणि झांज अंतऱ्यात गप्प ठेवा; सात जणांत ती शब्द खाते.

प्रश्न : अशा स्पर्धेत प्रत्येक देश आपल्यालाच मत देत नाही का?
– एक वाचक भगिनी, वेंगुर्ला

उत्तर : नाही, स्वतःच्या देशाला मत देताच येत नाही. त्या वर्षी निम्मे गुण परीक्षकांचे होते, निम्मे प्रेक्षकांचे. पोर्तुगालला परीक्षकांकडून 382 आणि प्रेक्षकांकडून 376 मिळाले, एकूण 758, आणि दोन्हीकडे पहिला क्रमांक. यातले पोर्तुगीज जाणणारे थोडेच असणार. आचऱ्याच्या मंडळींनी हा आकडा आपल्या चाकरमान्यांना जरूर कळवावा.