नागपुरात राहतो. आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसरच्या पीसीसाठी भारीतलं कॅबिनेट हवंय. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास रेंडर चालतात. पूर्ण काचेचं घेऊ का?

नागपूरचा उन्हाळा, आरटीएक्स ५०९०, रायझन ९ ९९५०एक्स आणि तासन्‌तास ब्लेंडरचे रेंडर, हे तुम्हीच प्रश्नात लिहिलंय. मग मी तरी समोर जाळी असलेलंच सुचवेन. काच बाजूला असू दे, तोंडावर नको.

कार्ड ५७५ वॅटचं, प्रोसेसर १७० चा. दोन्ही लोडवर गेले की टेबलाखाली छोटा हीटरच लावल्यासारखं. कॅबिनेट स्वतः काही थंड करत नाही, खोलीतली हवा आत घेऊन बाहेर टाकतं, बस्स. खोलीच ३८ अंशांवर असली तर त्या हवेला अडवून चालणार नाही.

पण कॅबिनेट बघण्याआधी कार्डाची मापं काढा, सगळे इथेच फसतात. एनव्हिडियाचं स्वतःचं फाउंडर्स एडिशन ३०४ मिमी लांब आहे, तर त्याच ५०९० चं एसूसने बनवलेलं अ‍ॅस्ट्रल जवळपास ३५८. फ्रॅक्टल नॉर्थ हे कॅबिनेट दिसायला देखणं, पुढे खऱ्या लाकडाच्या पट्ट्या. पण त्यात ३५५ मिमीपर्यंतचंच कार्ड बसतं. तीन मिमीसाठी घोडं अडतं! शिवाय लिक्विड कूलिंगचा रेडिएटर पुढे लावलात तर त्याच्या जाडीएवढी जागा आणखी जाते. रुंदीही बघा. पॉवरची केबल कनेक्टरपासून थोडी सरळ जाऊन मगच वळायला हवी, काचेने दाबली जाता कामा नये.

तुमच्या जागी मी फ्रॅक्टल टॉरेंट घेईन. पुढे १८० मिमीचे दोन, खाली १४० चे तीन पंखे सोबतच येतात आणि खालची हवा थेट कार्डावर जाते. मात्र पॉवर सप्लाय वर असल्याने छताला रेडिएटर लागत नाही. प्रोसेसरवर मोठा एअर कूलर लावा, नॉक्टुआचा १६५ मिमी उंच एनएच-डी१५ आरामात बसतो.

काचेवरच जीव जडला असेल तर लियान ली ओ११ डायनॅमिक एव्होही वाईट नाही. फक्त पंखे वेगळे घ्यावे लागतात, तेवढे बजेटमध्ये धरा. तळाला तीन पंखे हवा आत ओढणारे हवेतच. (आरजीबी म्हणजे रंगीत दिवे ही तुमची हौस, त्याने फ्रेमरेट वाढत नाही.)

धुळीसाठी आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे ती फिल्टरमधूनच येईल. आणि बिल्ड करताना काच काढलीत की गादीवर आडवी ठेवा. फरशीवर कडेने टेकवली तर टेम्पर्ड काचेचा क्षणात चुरा होऊ शकतो.