शिलाई मशीनचा शोध आयझॅक सिंगरने लावला का?

नाही, सिंगरने शिलाई मशीन सुधारलं आणि घरोघरी पोहोचवलं. दोन दोऱ्यांच्या टिपेचं अमेरिकी पेटंट त्याआधीच, १८४६ मध्ये, इलियास हाउने घेतलं होतं. मशीनची सुई हातात घेऊन बघा, नेढं टोकाजवळ असतं. सुई कापडाखाली गेली की वरच्या दोऱ्याचा फास होतो, त्यातून खालचा दोरा जातो आणि टीप पक्की बसते. सिंगरचं पेटंट १८५१ चं. हाउने खटला भरल्यावर त्याला रॉयल्टी द्यावी लागली. मात्र हाउही पहिला नव्हे. फ्रान्सच्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्येच साखळी टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्याचं नाव कुणी घेत नाही, हा अन्यायच आहे. पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनीच त्याची यंत्रं फोडली होती.