थायरॉइड निघाला म्हणून आयोडीनचं मीठ बंद?

आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बायकांत पर्समध्ये थायरॉइडच्या रिपोर्टची घडी घेऊन येणाऱ्या खूप. त्यातल्या बऱ्याच जणींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: थायरॉइड निघालाय, आता आयोडीनचं मीठ बंद करायचं ना? काही जणी तर विचारतही नाहीत, बंद करून मोकळ्या झालेल्या असतात. रेवती त्यातली. (नाव बदललंय, ओळख पटेल असे इतर तपशीलही.)

सिन्नरकडचं शेतकरी घर. रेवतीला पहिल्यांदाच दिवस गेलेले, नववा आठवडा चालू. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) 6.8 आलं, म्हणून डॉक्टरांनी अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं, तपासायला लावलं, तेही बरंच वाढलेलं. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि आहाराचं बघायला तिला माझ्याकडे पाठवलं. सोबत सासूबाई. रेवती फाइल काढेपर्यंत त्यांनीच सुरुवात केली.

"मॅडम, आयोडीनचं मीठ आम्ही दिवाळीपासूनच बंद केलंय. आता बाजरी बंद करायची का कोबी, तेवढं सांगा."

"मावशी, दिवाळीत तर हिचा रिपोर्ट नव्हता. मग मीठ का बंद केलं?"

"थोरल्या जाऊबाईंना थायरॉइड झाला ना. त्यांना मुंबईच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, आयोडीनचं मीठ खायचं नाही, सैंधव खा. मग म्हटलं, घरातच नको ते."

अशा वेळी "हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरचं खूळ आहे" असं म्हणून टाकायचा मोह होतो. पण इथे खूळ नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंय, असं ती बाई ठामपणे म्हणत होती, आणि ती खोटं कशाला बोलेल? म्हणून मी जाऊबाईंना नेमकं काय झालं होतं, ते विचारत गेले. गळ्याला गाठ. ऑपरेशन. मग "एका खोलीत एकटीला ठेवलं होतं, कुणाला भेटू देत नव्हते". एवढं ऐकल्यावर उलगडा झाला.

जाऊबाईंना थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर ग्रंथीच्या काही पेशी मागे राहिल्या असतील, तर त्या नष्ट करायला किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात. ते त्या पेशींनी ओढून घ्यावं, यासाठी शरीर आधी आयोडीनसाठी भुकेलं असावं लागतं. म्हणून उपचाराच्या आधी एक-दोन आठवडे आयोडीनचं मीठ, मासे, अंडी, दूध बंद करायला सांगतात. सल्ला शंभर टक्के बरोबर. फक्त तो एका पेशंटसाठी होता आणि एक-दोन आठवड्यांपुरता होता. घरी येता येता त्यातले आठवडे गळून पडले आणि सल्ला तेवढा उरला.

चुकीचा सल्ला खोडता येतो. बरोबर सल्ला चुकीच्या घरात गेला, की त्याला हलवणं फार अवघड. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, की डॉक्टर बरोबरच बोलले, पण ते जाऊबाईंशी बोलले. तुमची सून पोटुशी आहे, तिचं गणित उलटं आहे.

ते गणित असं. गळ्यातली ही ग्रंथी जे हार्मोन बनवते, त्याचा कच्चा माल म्हणजे आयोडीन. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन शरीरात तयार होत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. लागतं किती, तर मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला 250, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदरपणात आईच्या ग्रंथीला जवळपास दीडपट काम करावं लागतं. पहिल्या तीनेक महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी हार्मोन बनवत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवरच चालते. या काळात मोठी कमतरता राहिली, तर बाळाच्या बुद्धीवर आणि ऐकण्यावर कायमचा परिणाम होऊ शकतो. गर्भपाताची, मूल दगावण्याची भीतीही वाढते. पुस्तकात आयोडीन म्हटलं की गलगंडाचा फोटो असतो, त्यामुळे गळा सुजला नाही म्हणजे सगळं ठीक, असं लोकांना वाटतं. गळा ही दिसणारी बाजू झाली.

रेवती आतापर्यंत गप्प होती. तिने विचारलं, "पण मॅडम, गोळीतून मला ते हार्मोन मिळतंच आहे. मग मिठातलं आयोडीन कशाला?"

प्रश्न नेमका होता. तिच्या रिपोर्टचा अर्थ असा, की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच थायरॉइडवर उलटली आहे. हा आजार मिठाच्या आयोडीनने लागलेला नाही आणि मीठ सोडून तो जाणारही नाही. गोळी उणीव भरून काढते, पण तिची ग्रंथी अजून थोडंफार काम करतेय आणि तिला माल हवाच. गोळीतही आयोडीन असतं. पण वजनाच्या हिशोबाने 50 मायक्रोग्रॅमच्या गोळीत ते साधारण 33 मायक्रोग्रॅमच. गरज 250 ची. आणि खरा मुद्दा बाळाचा. साधारण बाराव्या आठवड्यापासून त्याची ग्रंथी कामाला लागते, पाचव्या महिन्याच्या आसपास चांगली चालायला लागते. ती आईच्या गोळीवर चालत नाही, तिला आयोडीन लागतं आणि ते आईच्याच रक्तातून येणार. पुढे दुधातून.

सासूबाई ऐकत होत्या, पण पटल्यासारखं दिसत नव्हतं. "आमचं मीठ काही साधं नाही मॅडम, हिमालयातलं आहे. चौपट महाग. त्याने रक्त वाढतं म्हणे."

मी त्यांना पुढच्या वेळी घरातली सगळी मिठं पुडीत बांधून आणायला सांगितलं. आल्या त्या तीन पुड्या घेऊन: गुलाबी सैंधव, लोणच्यासाठी आणलेलं खडे मीठ आणि शेजारणीकडून मागून आणलेलं पाकिटातलं. मीठ तपासायचं एक छोटं किट असतं. काही भागांत आशाताईंकडेही ते असतं. त्यातल्या बाटलीतला स्टार्चचा थेंब मिठावर टाकला, की आयोडीन असेल तर निळाजांभळा रंग येतो. सैंधवावर थेंब पडला आणि नुसताच ओला डाग राहिला. खड्यांवर काही नाही. पाकिटातल्या मिठाने मात्र वांग्यासारखा रंग धरला. सासूबाईंनी चष्मा वर करून तीनही ढीग पुन्हा पाहिले.

"मग हे एवढं महागाचं नुसतंच लाल?"

हो, जवळजवळ नुसतंच. ते खाणीतून येतं, जास्त करून पाकिस्तानातल्या पंजाबातल्या खेवड्याच्या. त्यात 98 टक्क्यांच्या आसपास सोडियम क्लोराइडच असतं. लालसर रंग लोहाच्या ऑक्साइडचा, पण चिमूटभर मिठातून मिळणाऱ्या लोहाने हिमोग्लोबिन हलत नाही. एकादशीला, उपवासाला सैंधव खुशाल वापरा, रोजच्या आमटीत नको. वापरायचंच असेल तर पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं घ्या.

खडे मिठाबद्दल लोकांचा आणखी एक समज असतो: समुद्राचं आहे, म्हणजे आयोडीन असणारच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात आयोडीन असतं जेमतेम 50-60 मायक्रोग्रॅम, आणि मिठागरात मीठ जमताना त्यातलं बरंचसं मागे उरलेल्या पाण्यात राहून जातं. म्हणून वरून घालावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी पोटॅशियम आयोडेट वापरतात, कारण आपल्या दमट, उष्ण हवेत आयोडाइडपेक्षा ते जास्त टिकतं. ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान 15 पीपीएम, म्हणजे ग्रॅमला 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. 2018-19 च्या देशव्यापी पाहणीत एवढं आयोडीन असलेलं मीठ साधारण 76 टक्के घरांत सापडलं. उरलेल्यांत गरीब घरं असणार हे मला समजू शकतं, पण हल्ली माझ्यासमोर ऐपत असून, पैसे मोजून त्या उरलेल्यांत जाऊन बसलेली घरं येतात.

तिसऱ्या भेटीला रेवतीचा नवरा आला. वाचणारा मुलगा. त्याचा आक्षेप वेगळा होता: हे आयोडीन सक्तीचं करणं म्हणजे मोठ्या मीठ कंपन्यांचा धंदा. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सक्तीने छोट्या मीठवाल्यांची अडचण झाली आणि त्यावर वादही भरपूर झाला. साध्या मिठावरची केंद्राची बंदी 2000 मध्ये उठवली गेली होती, ती 2006 मध्ये परत आली. पण आयोडीनची कल्पना कंपन्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. तिथे गलगंड घरोघरी होता. खोऱ्याचे भाग पाडून काही भागांना आयोडीनचं मीठ दिलं, एका भागाला साधं. सहाएक वर्षांत आयोडीनच्या भागांतलं गलगंडाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, साध्या मिठाच्या भागात ते होतं तिथेच राहिलं. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथेही ते उतरलं. 1962 चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम यातूनच उभा राहिला. पुढे देशभर पाहण्या झाल्या तेव्हा कळलं, की हा काही फक्त डोंगराळ भागाचा प्रश्न नाही. एकही राज्य यातून सुटलेलं नव्हतं.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. "जास्त झालं तर?" जास्त आयोडीनही त्रास देतं, हे खरं आहे. ज्यांच्या ग्रंथीवर आधीच प्रतिकारशक्तीचा हल्ला चालू आहे, त्यांना भसाभस आयोडीन मिळालं तर बिघाड वाढू शकतो. म्हणून आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, ऑनलाइन मिळणारे "थायरॉइड सपोर्ट" डबे हे मी रेवतीला साफ मना केलं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं सोडून काही नाही. मिठाचं तसं नाही. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ खाल्लं तर त्यातून 75 ते 150 मायक्रोग्रॅम आयोडीन मिळतं, त्यातलंही थोडं शिजवताना जातं. बाकीचं दूध, दही, अंडी, मासे यांनी भरायचं. त्यामुळे आयोडीन मिळावं म्हणून मीठ वाढवायचं कारण नाही. जेवढं खाता तेवढंच खा, फक्त ते आयोडीनचं असू द्या. जाहिरातीतल्यासारखं जास्त आयोडीनने मूल जास्त हुशार होतं, असंही काही नसतं. कमतरता नको, एवढंच मागणं आहे.

ज्यांची ग्रंथी जास्त काम करते, ज्यांचा किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन किंवा उपचार ठरलाय, त्यांनी मात्र मिठाचं आपापल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

बाजरीचा प्रश्न शेवटी आलाच, आणि तो मला आवडतो, कारण त्यात थोडं खरं आहे. बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. सुदानमधल्या दारफुरमध्ये, जिथे बाजरी हेच मुख्य अन्न, तिथल्या गलगंडाच्या अभ्यासातून ते पुढे आलं. कोबी, फ्लॉवर, मोहरी, सोयाबीन यांच्याबद्दलही असंच बोललं जातं. पण हे अडथळे जाणवतात ते आयोडीन तुटपुंजं असताना. तिन्ही त्रिकाळ बाजरी आणि वर बिनआयोडीनचं मीठ, ही जोडी वाईट. नेमकी तीच या घरात गेली थंडीभर चालली होती. मी बाजरी बंद करायला सांगितलं नाही. मधूनमधून ज्वारी, गहू आणा, कोबी शिजवून खा, सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा, इतकंच.

गोळीचीच खरी गडबड होती. रेवती सकाळी चहासोबत गोळी घ्यायची आणि लगेच लोहाची. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटात नीट शोषू देत नाहीत. आता गोळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर, तीही वेगवेगळ्या वेळी. आणि स्वयंपाकघरात मिठाचं उघडं भांडं शेगडीला लागून होतं, ते झाकणाच्या बरणीत, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. मीठ तव्यावर भाजून ठेवायची सासूबाईंची सवय होती, ती सुटली. मीठ भाजीत शक्यतो शेवटी.

महिन्याने टीएसएच डॉक्टरांना हवं तिथे आलं. त्यातला किती वाटा गोळीच्या वेळेचा आणि किती मिठाचा, हे मला सांगता येणार नाही. बहुतेक मोठा वाटा गोळीचाच. पुढे डोस एकदा वाढला, बाळंतपणानंतर कमी झाला. बाळाची टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासणी झाली, ती नॉर्मल आली. रेवती अंगावर पाजतेय, त्यामुळे मीठ तेच चालू आहे.

मध्यंतरी सासूबाईंचा फोन आला. जाऊबाईंचं आयोडीनचं मीठ अजून बंदच होतं, ते सुरू करायचं का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, ते मी नाही सांगायचं, जाऊबाईंची फाइल घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्या गेल्या. डॉक्टरांनी डिस्चार्जचा कागद काढून दाखवला. उपचारानंतर नेहमीचा आहार सुरू करावा, असं त्यावर तेव्हाच लिहिलेलं होतं.