रोज बायबल वाचतो, तरी जीवनात वचनाचं फळ का दिसत नाही?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षं झाली, रोज पवित्र शास्त्र वाचता, रविवारची उपासना चुकवत नाही, मोबाइलवर संदेशही ऐकता. तरी राग तसाच, चिंता तशीच, आणि पाळकसाहेब म्हणतात ते ‘वचनाचं फळ’ कुठं दिसत नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, की सामायिक विहिरीच्या पाळीवरून मोठ्या भावाशी बोलणं बंद आहे. त्या शेवटच्या ओळीवर मी मागून येते. माझ्या मते तुमचं उत्तर तिथंच आहे.

आधी मी कोण ते सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, घरी कापूस, तूर, सोयाबीन, आणि आमच्या लहानशा मंडळीत संडे स्कूल घेते. धर्मशास्त्र शिकलेली नाही. (युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळलाच होती. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना मोठमोठ्या विद्वानांचे उपदेश ऐकायची सवय. माझं बोलणं त्या तोलाचं नाही, हे धरूनच वाचा.)

फळाचा विषय निघाला की पेरणाऱ्याच्या दाखल्यावाचून पुढे जाता येत नाही. येशूनं सांगितलेला हा दाखला मत्तय १३, मार्क ४ आणि लूक ८ अशा तीन ठिकाणी आहे, आणि त्यातलं बी म्हणजे देवाचं वचन. बी वाटेवर पडतं, खडकाळीत पडतं, काट्यांत पडतं आणि चांगल्या जमिनीत पडतं. आमच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. वाट म्हणजे पांदण, खडकाळ म्हणजे बरड, काटे म्हणजे कुंदा, हे तीच मला सांगतात. एकदा एका पोरानं विचारलं, “मॅडम, तो पेरणारा येडा होता काय? पांदणीवर बी कोन टाकते?” प्रश्न रास्त होता. आपण तिफणीनं ओळीत पेरतो, सरत्यातून मोजकं बी सोडतो, बियाण्याच्या पिशवीचे पैसे डोक्यात असतात. त्या काळी तिकडे मुठीनं फोकून पेरत, बी इकडेतिकडे जाणारच. पण मला त्यात आणखी एक दिसतं. हा पेरणारा हात आखडत नाही. जमीन कशी आहे ते पाहून बी टाकत नाही. तुमच्या वाट्याला वचन कमी आलं, ही शक्यता मी म्हणूनच धरत नाही.

मग अडलं कुठं? मला वाटतं तुम्ही स्वतःला बरड समजताय, आणि तिथं तुमचा अंदाज चुकतोय. बरडावरचं रोप ऊन तापलं की वाळून जातं. तुमचं वाळलेलं नाही. इतक्या वर्षांनंतरही तुम्ही वाचताय, उपासनेला जाताय, आणि फळ नाही म्हणून तुम्हाला रुखरुख आहे. ही तिसऱ्या जमिनीची लक्षणं. तिथं रोप मरत नाही, हिरवं राहतं, फक्त धरत नाही. मार्क ४:१९ मध्ये त्या काट्यांची नावंच दिलीत: संसाराची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ. यातली एकही गोष्ट चर्चबाहेरच्या लोकांचा आजार नाही. वचन ऐकणाऱ्यांच्याच मनात ती वचनाच्या बरोबरीनं वाढते.

कुंदा तुम्ही काढला असेल तर माझं म्हणणं कळेल. वरवर निंदून तो जात नाही. डवरा मारला तर वरचं गवत मोडतं, खाली कांड्या शाबूत, आठ दिवसांत पुन्हा कोंब. उन्हाळ्यात कुदळ घेऊन एकेक मूळ खणून काढावं लागतं. यिर्मया ४:३ मध्ये परमेश्वर यहूदाच्या लोकांना सांगतो की पडीत जमीन नांगरा, काट्यांत पेरू नका. ‘आणखी बी टाका’ असं तो म्हणत नाही. आपण मात्र तेच करतो. फळ दिसत नाही ना, मग आणखी एक सभा, आणखी एक उपास, यूट्यूबवर आणखी दोन संदेश. युरियावर युरिया टाकला की पऱ्हाटी माणसाएवढी वाढते, पाती म्हणजे कळ्या गळतात आणि बोंडं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. ऐकण्याचंही तसं होऊ शकतं, असं मी माणसं पाहून म्हणते.

आता फळ म्हणजे नेमकं काय ते पाहू. गलतीकरांस ५:२२-२३ मधली यादी तुम्हाला पाठ असेल: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ती खरीच. पण ती वाचून आपण मनात डोकावून पाहतो, शांती वाटते का, आनंद वाटतो का, आणि वाटत नसलं की निराश होतो. लूक ३ जरा वेगळ्या बाजूनं सांगतो. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या. लोक सरळ विचारतात, “मग आम्ही काय करावं?” तो प्रार्थनेचे तास सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कोणाला धमकावून पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात भागवावं. तिन्ही उत्तरं देण्याघेण्याची आहेत.

हे मी घरी घडताना पाहिलंय. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या वावरात बाभळीच्या फांदीला वजनकाटा टांगतात. वेचणाऱ्या बाया आपापलं गाठोडं आकड्याला लावतात, घरचा माणूस वजन वाचतो, कोणीतरी वहीत लिहितं, किलोप्रमाणे मजुरी. आलेल्या वजनातून गाठोड्यामागे एक किलो कडता कापायचा, हा आमच्या भागातला दस्तूर. कापसात ओल असते, कवडी म्हणजे खराब कापूस असतो, कापडाचं वजन असतं, ही कारणं. त्यात कोणाला चोरी वाटत नाही. माझे सासरेही तसंच लिहायचे.

एका हंगामात सकाळच्या कौटुंबिक उपासनेत नीतिसूत्रं चालली होती, अकरावा अध्याय. पहिलंच वचन खोट्या तागडीचं, परमेश्वराला तिचा वीट येतो. वाचलं, प्रार्थना झाली, सगळे कामाला लागले. सासूबाई एरवी काट्यापाशी येत नसत, त्या दिवशी संध्याकाळी आल्या. एका बाईचं गाठोडं ढिगावर रिकामं झालं तसं तिचं लुगड्याचं फडकं त्यांनी उचललं, झटकून घडी केलं, आकड्याला अडकवलं आणि सासऱ्यांना म्हणाल्या, “वाचा जी.” काट्यावर ०.२८० आलं.

“मंग किलो कायचा कापता?”

“अन् ओल?” सासरे म्हणाले.

“सकाळी दव असते तं उशिरा वेचाले लावा.”

बस, एवढंच बोलणं. दुसऱ्या दिवसापासून दव वाळल्यावर वेचणी सुरू झाली आणि वहीत कडता फक्त फडक्याचा. सासऱ्यांनी तीन-चार दिवस तोंड फुगवलं. शेजारच्या वावरवाल्यांनी ऐकवलं की तुम्ही मजुरांच्या सवयी बिघडवता. आणि तुम्हाला वाटत असेल की मग आमच्याकडे बायांची रीघ लागली, तर तसं काही झालं नाही. दुसऱ्या वावरात किलोमागे जास्त मिळाले तेव्हा त्या तिकडेच गेल्या, आणि का जाऊ नये? चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहावं असं काही घडलं नाही, म्हणून कोणी उभंही राहिलं नाही. पण याकोब ५:४ मध्ये शेतकऱ्यानं अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं असं लिहिलंय. आमच्या वावरातलं तेवढं ओरडणं थांबलं. वचनाला फळ लागलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकेन अशा मोजक्या गोष्टींतली ही एक. तेव्हा सासूबाईंना फार भरून वगैरे आलं होतं असं मला दिसलं नाही. थोड्या चिडलेल्याच होत्या.

कोणी म्हणेल, हे तर कर्मानं तारण झालं. तसं नाही. इफिसकरांस २:८-१० एका दमात वाचा. तारण कृपेनं, आणि तारण मिळालेल्यांनी चालायची सत्कर्मं देवानं आधीच योजून ठेवलेली. योहान १५:५ मध्ये प्रभू स्वतःला वेल आणि आपल्याला फांद्या म्हणतो, आणि स्पष्ट सांगतो की त्याच्यापासून वेगळं राहून आपल्याला काही करता येत नाही. फांदी जोर लावून फळ काढत नाही हे खरंच, पण कडता लिहिणारा हात आपलाच असतो.

दाखल्यात चांगल्या जमिनीतलं बी शंभरपट पीक देतं. त्या ‘शंभरपट’ शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण त्यानं आमच्या भागात फार घोळ घातलाय. बाहेरून येणारे काही उपदेशक सांगतात, हजार रुपये पेरा, शंभरपट मिळतील. लूक ८:११ मध्ये प्रभूनं स्वतः अर्थ सांगितलाय: बी म्हणजे देवाचं वचन. नोटा नव्हेत. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला हे ऐकवणं मला पाप वाटतं, आणि मी ते सौम्य शब्दांत सांगणार नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला, त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. अळी काही विश्वासणाऱ्याचं वावर सोडून पुढे गेली नाही. कापणीच्या उपकारस्तुतीला शेतातलं पीक चर्चमध्ये अर्पण म्हणून नेतात आणि मग त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी आम्ही काय न्यावं, हा खरा प्रश्न होता. पाळकसाहेबांनी हबक्कूक ३:१७-१८ वाचलं: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न पिकलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. लोक रडले. एका आजीनं भाजीची जुडी आणली होती, लिलावात तिला चांगले पैसे आले, आणि ते पैसे कर्त्या माणसाचं छत्र गेलेल्या एका घरी गेले. त्या घरचे लोक आमच्या मंडळीतले नव्हते. बोंडअळीच्या वर्षी आलेलं पीक म्हणून मी ते धरते.

आणि वेळ लागतो. लूक ८:१५ मध्ये चांगल्या जमिनीबद्दल म्हटलंय की ती धीरानं फळ देते. मार्क ४:२६-२९ मधला शेतकरी तर रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या माणसानं नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा व्हायला १९०० साल उजाडलं, नवरा-बायकोत पाच वर्षांचं अंतर. त्या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंवर वचनाचा काही परिणाम होत नाही असं कोणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. तेव्हा इतक्यात फळ नाही म्हणून स्वतःवर शिक्का मारू नका.

वाचनाबद्दल एकच सांगते. आठवडाभर एकच उतारा घ्या, दहा-बारा ओळींचा, आणि रोज त्याला तोच प्रश्न विचारा: हे आज मला कोणाशी वागायला लावतंय? माणसाचं नाव आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. तुमच्या बाबतीत नाव आलेलंच आहे. ते तुम्ही प्रश्नातच लिहिलंय.

मत्तय ५:२३-२४ नीट पाहा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध, असं तिथं नाही. चूक कोणाची हे त्या वचनात विचारलेलंच नाही, मीही विचारत नाही. आणि ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमात, पायी काही दिवसांची वाट. तेवढं चालून येऊन अर्पण ठेवून परत फिरायचं.

तुम्हाला तर धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडायचा आहे. आमच्यासारखीच तुमच्याकडेही शेतीची लाइन आलटून पालटून एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येत असेल, आणि भांडण बहुतेक रात्रीच्या पाळीचंच असेल. या रब्बीत रात्रीच्या पाळ्या तुम्ही घ्या, दिवसाच्या दादाला द्या. घरी जाऊन सांगा, दादा दार उघडत नसेल तर वहिनीजवळ सांगा, पण दोन वाक्यांत सांगा. त्याला वचन ऐकवू नका, ‘प्रभूनं मला दाखवलं’ असंही म्हणू नका, नाहीतर उपकार केल्यासारखं होईल आणि तो ऐकून घेणार नाही. तरीही तो बोलला नाही तर रोमकरांस १२:१८ मध्ये तुमच्यापुरती हद्द आखून दिलीय: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. पाळ्या मात्र हंगाम संपेपर्यंत मोडू नका. हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक अशी दोन पाणी धरली तर रात्री फार होत नाहीत. जाताना बॅटरी आणि गमबूट न्या, विहिरीच्या काठानं साप असतात.