पृथ्वी कललेली आहे, फिरते आहे, हे घरबसल्या कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय: पृथ्वी गोल आहे, तिचा आस कललेला आहे, ती स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, हे शाळेत पाठ केलं. आता सातवीतली मुलगी विचारते, "बाबा, हे तुम्ही स्वतः बघितलंय का?" उपग्रहाचे फोटो बाजूला ठेवले, तर नांदेडात राहून यातलं काय काय तपासता येईल?

जवळजवळ सगळं. मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे, त्याला "पुस्तकात लिहिलंय" एवढंच उत्तर देऊ नका. दुर्बीण लागत नाही. जागा मात्र एकच ठरवायची आणि वर्षभर चिकाटी सोडायची नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्ही ऐकून असाल. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि मग 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडतं आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतं. पहिल्या दिवशी चरण, मग त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगतात. ढग किंवा धुरळा असला की किरणं वाटेतच विरतात. लहानपणी आजी मला हाताला धरून न्यायची. सूर्य खाली उतरेल तसं ऊन पायरीपायरीनं वर चढताना बघून अंगावर काटा यायचा, अजूनही येतो.

कॉलेजात असताना मी कॅलेंडर घेऊन सहज दिवस मोजले. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस. 21 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 42 दिवस. म्हणजे सूर्य मावळतीच्या एका जागेवरून दक्षिणेकडे जातो, 21 डिसेंबरला तिथून वळतो आणि जितके दिवस जायला लागले जवळपास तितक्याच दिवसांनी परत त्याच जागी येतो. देऊळ बांधणाऱ्यांनी ही जागा नेमकी हेरली होती. त्या तारखांना कोल्हापुरात सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, सुमारे 18 अंश दक्षिणेला सरकून मावळतो. पृथ्वीचा आस कललेला नसता, तर सूर्य बाराही महिने ठीक पश्चिमेलाच मावळला असता आणि किरणोत्सव ही गोष्टच उरली नसती.

त्या वर्षापासून गच्चीच्या कठड्यावर मी खुणा करायला लागलो. खडूच्या खुणा पावसात गेल्या, म्हणून ऑइलपेंटनं केल्या. गच्चीच्या मधोमध एका फरशीवर उभं राहायचं, सूर्य टेकला की समोर कठड्यावर रेघ ओढून तारीख लिहायची. डिसेंबरात सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे, मार्चमध्ये नारळाच्या शेंड्यापाशी, पुढे जूनपर्यंत मोबाइलच्या टॉवरच्याही उजवीकडे. दोन टोकांमध्ये 49 अंशांचं अंतर भरतं. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश झाकते, तेव्हा जवळपास पाच मुठी. (जूनची खूण मिळायला मला तीन वर्षं लागली. आमच्याकडे त्या दिवसांत पश्चिम दिसतच नाही.)

खुणांमधलं अंतर सारखं नसतं, हे मुलीला आवर्जून दाखवा. मार्च आणि सप्टेंबरात सूर्य रोज जवळजवळ आपल्या रुंदीइतका सरकतो, रेघा लांब लांब पडतात. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात मात्र एकावर एक पडतात, जणू तो तिथे थबकलाय. पृथ्वीचा आस वर्षभर ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला असतो, कल 23.5 अंशांचा. पृथ्वी सूर्याला फेरी घालते तसा जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला राहतो, डिसेंबरात दक्षिण गोलार्ध. ऋतू होतात ते यामुळे. सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा, असं पुष्कळ मोठी माणसंही समजतात, पण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर, आणि लांब असते जुलैत, 15 कोटी 21 लाखांवर. आपल्याकडे थंडी असते तेव्हाच आपण सूर्याच्या जवळ असतो!

इथेच आणखी एक गोष्ट लक्षात येईल. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो, पण कठड्यावरच्या रेघा 22 डिसेंबरनंतरच उजवीकडे परतायला लागतात. जुने लोक चुकले नव्हते. भोवरा फिरता फिरता डुलतो तसा पृथ्वीचा आसही डुलतो, एका डुलण्याला सुमारे 26 हजार वर्षं लागतात. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि सूर्याचं वळणं एकाच सुमाराला होत होतं. संक्रांत ताऱ्यांवरून ठरते आणि ऋतू सूर्यावरून, म्हणून 72 वर्षांत एक दिवस अशी फट वाढत गेली.

आता सावली. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो हे भाग्यच म्हणायचं, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावावरून वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावरून जातो. दिल्लीकरांना हे कधीच बघायला मिळत नाही. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टच्या ढगांत जाते, म्हणून मे महिन्यातली धरायची. सावंतवाडीला 3 मेच्या आसपास, कोल्हापूरला 6, पुण्याला 13, मुंबईला 15, नागपूरला 26. तारखांची ही रांग म्हणजेच सूर्याचं उत्तरेकडे चालणं. नळाच्या पाइपचा हातभर तुकडा सपाट फरशीवर उभा ठेवा. साडेबाराच्या सुमाराला बाहेरची सावली नखाएवढी होते, मग नाहीशीच होते, आणि वरून डोकावलं तर आत तळाशी उन्हाची पूर्ण गोल चकती पडलेली असते. तो क्षण जेमतेम मिनिटभराचा असतो. नंतर पुढचे तीन महिने आमच्या गावात भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. एरवी ती उत्तरेला पडते, पण हा बदल फार थोड्यांच्या लक्षात येतो.

माझी धाकटी बहीण धुळ्याला असते. धुळं कोल्हापूरच्या जवळपास ठीक उत्तरेला, उत्तर-दक्षिण अंतर 465 किलोमीटर. एका वर्षी 24 मेला तिला फोन लावला. तिच्याकडे काठीला सावली नव्हती. माझ्या गच्चीवर त्याच दुपारी मीटरभराच्या काठीची सावली साडेसात सेंटिमीटर भरली, दक्षिणेकडे. कागदावर त्रिकोण काढून कोन मोजला, सुमारे 4.3 अंश. सूर्य इतका लांब आहे की त्याची किरणं दोन्ही गावांत समांतरच येतात, तेव्हा हा कोन सूर्याचा नाही, दोन गावांमधल्या जमिनीच्या वाकाचा. 4.3 अंशांना 465 किलोमीटर, तर 360 अंशांना किती? उत्तर आलं 39 हजार किलोमीटरच्या जवळपास. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ 40,008 आहे. हजारभर किलोमीटरचा फरक पडला, कारण सावलीची कड पुसट असते आणि एका मिलिमीटरनंही उत्तर हलतं. इसवीसनापूर्वी 240 च्या सुमाराला इजिप्तमध्ये इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं हेच केलं होतं, अलेक्झांड्रिया आणि सायनी या दोन गावांच्या आधारे. कोन आला वर्तुळाचा पन्नासावा भाग. बहिणीशी फोनवर बोलता बोलता आपण पृथ्वी मोजली, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

गोलाईचा आणखी एक पुरावा रात्री मिळतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितके तुमच्या गावाचे अक्षांश. कोल्हापुरात तो 17 अंशांवर, दोन मुठींहून कमी. नांदेडात 19 च्या आसपास, दिल्लीत 28 च्या पुढे. कन्याकुमारीला जेमतेम 8. जमीन सपाट असती तर एवढ्याशा प्रवासानं तारा असा वरखाली झाला नसता. उलट बाजूला, दक्षिणेला, अगस्तीचा तारा आमच्याकडे वीसेक अंश वर चढतो, श्रीनगरला क्षितिजाला चिकटून राहतो आणि लंडनला उगवतच नाही. खग्रास चंद्रग्रहण आलं की सुरुवातीच्या अर्ध्या तासात चंद्रावरची सावलीची कड कागदावर काढून ठेवा आणि तो कंस पुढे वाढवून वर्तुळ पुरं करा. ते वर्तुळ चंद्राच्या अडीच-पावणेतीन पट मोठं येतं. ती पृथ्वीची सावली.

कोकणात गेलात तर आणखी सोपं. भाट्याच्या वाळूत आडवं पडून सूर्याची शेवटची कड बुडू द्यायची आणि चटकन उभं राहायचं. कड पुन्हा दिसते, दोन-चार सेकंदच, पण दिसते. माणूस उभा असताना त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं, 80 मीटर उंच कड्यावरून तेच 32 किलोमीटरवर जातं.

आता फिरण्याचं. इथे सांभाळून बोलायला हवं. सूर्य रोज उगवतो-मावळतो एवढ्यावरून पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही. आकाश फिरलं तरी दिसणार तसंच. आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस नावेचा दाखला दिला: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठ मागे सरकताना दिसतो, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. पण हा तर्क झाला. डोळ्यांदेखत पुरावा मिळाला 1851 मध्ये, पॅरिसमध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं लांब तारेला जड गोळा टांगून झुलवला तेव्हा. गोळा आपल्या पातळीत झुलत राहतो, खालची जमीन वळते, म्हणून झोका हळूहळू दिशा बदलताना दिसतो. ध्रुवावर पूर्ण फेरी एका दिवसात होते, विषुववृत्तावर होतच नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनात असा लंबक आहे, त्याला फेरीला 50 तास लागतात. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही आहे, तिथे हिशेबानं 75 तास. सहलीला नेलंत तर मुलीला त्याच्यापाशी निदान अर्धा तास थांबू द्या.

आपल्या अक्षांशांवर जमीन ताशी सुमारे 1,600 किलोमीटरनं पूर्वेकडे धावते, मग जाणवत का नाही, हा तिचा पुढचा प्रश्न असणार. वेग कधीच जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. एसटी सरळ एकसुरात चालली असली की डोळा लागतो, ब्रेक लागला की जाग येते. पृथ्वी ब्रेकही लावत नाही आणि अचानक वळतही नाही. घड्याळाचा तासकाटा बघा, तो 12 तासांत फेरी पुरी करतो, पृथ्वी 24 तासांत. म्हणजे पृथ्वी तासकाट्याच्या निम्म्या गतीनं वळते. तासकाटा हलताना कुणाला दिसतो?

सूर्याभोवतीच्या फेरीचा माग आपल्या शेतकऱ्यांना कायम ठाऊक होता. डिसेंबरात दिवेलागणीनंतर मृग पूर्वेला उगवतो. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून मार्चमध्ये त्याच वेळी तो डोक्यावर असतो, मेअखेर पश्चिमेच्या संधिप्रकाशात बुडतो. जूनच्या 7-8 तारखेला आपण "मृग लागला" म्हणतो तेव्हा मृग दिसतच नसतो, कारण सूर्य त्याच्या समोर आलेला असतो. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर या वेगानं पुढे गेली, म्हणून सूर्यामागचं नक्षत्र बदललं. पेरणीचं हे सगळं वेळापत्रक पृथ्वीच्या परिभ्रमणाचंच आहे.

आकाराबद्दल थोडंसंच. पृथ्वी अगदी चेंडूसारखी नाही, फिरण्यामुळे पोटाशी फुगली आहे. विषुववृत्तावरचा व्यास 12,756 किलोमीटर, ध्रुवांमधला 12,714. मीटरभर व्यासाचा गोळा केला तर हा फरक साडेतीन मिलिमीटरहून कमी, आणि एव्हरेस्ट मिलिमीटरभरही नाही. घरी हा फरक मोजता येत नाही. एवढं एक मी इतरांच्या मोजणीवर सोडलं आहे.

तुमच्या नांदेडला शून्य सावली 16 मेच्या आसपास, दुपारी 12 वाजून 17 मिनिटांच्या सुमारास. मुंबईत मध्यान्ह त्याहून सुमारे अठरा मिनिटांनी उशिरा होते, तिथे कुणी नातेवाईक असतील तर त्यांनाही काठी लावायला सांगा. पाइप उभा करताना गवंड्याचा ओळंबा वापरा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. आणि 14 तारखेपासूनच गच्चीवर जायला लागा, म्हणजे सावली उत्तरेकडून आखडत येताना आणि 18 तारखेला दक्षिणेला डोकावताना मुलीला स्वतःला दिसेल.